डीव्हीआरचं 'अ‍ॅडमिन' खातं तसंच ठेवू नका

निपाणीच्या तंबाखू वखारी असोत की खानापूरची पतसंस्था, कॅमेरे बसवून माणूस निघून जातो आणि डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं खातं बऱ्याचदा 'अ‍ॅडमिन', पासवर्ड '१२३४५' असंच राहतं. २०१६ साली मिराई या मालवेअरनं, म्हणजे घातक सॉफ्टवेअरनं, खात्याचं नाव आणि पासवर्डच्या अशाच साठेक जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ते फक्त यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचं, त्यामुळे यंत्र बंद-चालू केलं की जायचं. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत हजर.

खरी गोम पुढे आहे. स्क्रीनवरून पासवर्ड बदलला तरी काही यंत्रांत टेलनेटचं (दुरून यंत्रात शिरायची जुनी सोय, पोर्ट २३) खातं वेगळं असतं आणि ते सेटिंगमध्ये दिसतच नाही. म्हणून इंटरनेटवरून यंत्रापर्यंत वाट उघडणाऱ्या राउटरमधल्या दोन सोयी, पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी, बंद करा, आणि डीव्हीआरचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, नवीन टाका. बसवणाऱ्याला कामापुरतं वेगळं खातं द्या, काम झालं की काढून टाका. पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवला तरी चालेल, डीव्हीआरच्या पाठीवर मात्र चिकटवू नका.

संगणकावरही तेच: विंडोजच्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खात्याचं नुसतं नाव बदलून भागत नाही, त्याच्या ओळखक्रमांकाच्या शेवटी ५०० राहतोच आणि त्यावरून ते ओळखता येतं. ते बंदच करा. पण त्याआधी दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून लॉगिन होतंय का, ते बघून घ्या.