पुरीला परदेशी पाहुणे नेताय? गच्चीवाल्यापासून सावध

लेकीचे डच सासू-सासरे, जावई आणि तिची नणंद अशा चौघांना घेऊन आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी भुवनेश्वर-पुरी केलं. मंडळी आयुष्यात पहिल्यांदाच देऊळ बघणार होती आणि मी हौसेने थेट जगन्नाथ निवडला. मूर्खपणा माझाच. पण थोडा वाटा हॉटेलच्या काउंटरवरच्या त्या माणसाचाही आहे. "फॉरेनर चालतात, काही प्रॉब्लेम नाही," असं त्याने छातीठोक सांगितलं होतं.

चालत नाहीत. सिंहद्वाराशी, म्हणजे मुख्य दाराशी, फक्त हिंदूंना प्रवेश अशी पाटीच आहे. अगदी रीतसर दीक्षा घेतलेल्या गोऱ्या कृष्णभक्तांनाही आत सोडत नाहीत. १९८४ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींना, पारशाशी लग्न केलं म्हणून, इथून परत जावं लागलं, तिथे आमचे व्याही कोण! तेव्हा 'दोन हजार द्या, बाजूच्या दाराने नेतो' म्हणणारा कुणी भेटला तर सरळ पुढे चालू लागा. दारं चार आहेत, नियम एकच.

आमचं हे तोंडावर आपटणं ज्याने हेरलं तो गच्चीवाला, म्हणजे पैसे घेऊन जवळच्या इमारतीच्या गच्चीवर नेणारा. "वरून देव दिसतो," म्हणाला. माणशी हजार सांगितले, पाचशेवर आला. वर गेल्यावर एक वही पुढे केली: देणगी लिहा. मी चष्मा लावून नीट पाहिलं. आधीच्या एका नावापुढे ५००० होते. ५०० काळ्या शाईत आणि शेवटचं शून्य निळं. खालच्या ओळीतही तेच. वही मिटून परत दिली, पण दोन हजार गेलेच. वर चपला काढायला लावल्या होत्या, दुपारचा एक वाजलेला, सिमेंट तव्यासारखं. आमचे सव्वासहा फुटी व्याही बगळ्यासारखे आळीपाळीने एकेक पाय वर घेत उभे. देव? कळस दिसला, वरचं नीलचक्र दिसलं, ध्वज दिसला. ते तर खालच्या रस्त्यावरूनही दिसतं, फुकट!

खरा संताप पुढेच आहे. सिंहद्वारातच पतितपावन म्हणून जगन्नाथाची मूर्ती आहे, ज्यांना आत जाता येत नाही त्यांना रस्त्यावरून दर्शन मिळावं म्हणून. धर्म बाटलेल्या एका राजासाठी ती बसवली, असं सांगतात. हे आम्हाला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका फुलवाल्या आजींनी विहीणबाईंचा दंड धरून त्यांना दारासमोर नेमक्या जागी उभं केलं आणि बोट दाखवलं. काळा चेहरा, ते दोन गरगरीत डोळे. विहीणबाई पाच मिनिटं हलल्या नाहीत. आजींनी दहा रुपयांच्या फुलांपलीकडे काही मागितलं नाही.

तिथेच दारासमोर सोळा बाजूंचा अरुणस्तंभ आहे. तो कोणार्कहून अठराव्या शतकात मराठ्यांनी इथे आणला, हे मी व्याह्यांना दोनदा सांगितलं. तेवढीच भरपाई.

जायचं तर संध्याकाळीच जा. त्या वेळी सेवक दोराशिवाय, देवळाकडे पाठ करून कळसावर चढतात आणि ध्वज बदलतात. उंची सुमारे ६५ मीटर. नणंदबाईंनी निम्मा वेळ डोळे झाकून घेतले होते.

तुमच्यातले जे आत जाणार त्यांनी मोबाइल, चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलवरच ठेवावं. १ जानेवारी २०२४ पासून हाफपँट, फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे कपडे बंद आहेत. आत रेटारेटी आहे, गुडघे धड असतील तरच बावीस पायऱ्यांवर उतरत्या गर्दीत शिरा. पंड्याशी दक्षिणा आधी ठरवा, आणि ठरलेलीच द्या.

भुवनेश्वरच्या लिंगराजालाही परदेशी लोकांना भिंतीबाहेरच्या चौथऱ्यावरूनच बघावं लागतं. तिथेही वही घेऊन कुणी आलं तर शाई बघा. पहिलं देऊळ म्हणून मुक्तेश्वराला न्या: छोटं, दहाव्या शतकातलं, आत सोडतात, मंडपाच्या छतावरचं दगडी कमळ मान वर करून निवांत बघता येतं. आम्ही हे शेवटच्या दिवशी केलं, उलटं करायला हवं होतं. कोणार्क छान झालं. परदेशी तिकीट ६००, आपलं ४०; तो सरकारी दर आहे, तिथे भांडू नका.

आणि महाप्रसाद. लेक आणि मी देवळाच्या आवारातल्या आनंदबाजारातून मडक्यांतून भात, डाळ, भाजी बाहेर घेऊन आलो. कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटोही नाही. भाव आधी विचारा, आम्हाला पहिल्या दुकानात दुप्पट सांगितला. व्याही रस्त्याकडेला मांडी घालायला बसले, जमेना, मग उकिडवे बसून जेवले. डाळीचं मडकं त्यांनी बोटाने पुसून काढलं आणि ते रिकामं मडकं नेदरलँड्सला न्यायचा हट्ट धरला. मोज्यांत गुंडाळून दिलंय.