दहा वाजताची पोकळी

८ जून

ताई सहजच बोलून गेली, "वरून काही पडूनच नाही राहिलं, तर तू ऐकून काय राहिला?" तेवढं म्हणून ती खाली पोळ्या करायला गेलीसुद्धा. पण मी रेडिओवर ऐकलेल्या उल्कांचा आलेख तिने पाहिला होता, तोही नेमका सकाळी दहाच्या आसपासचा, आणि तिथे खरंच जवळजवळ काही नव्हतं. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात अडकलंय.

मेष राशीतला हा दिवसाचा उल्कावर्षाव ७ जूनच्या आसपास भरात असतो. वर्षातल्या मोठ्या वर्षावांपैकी एक, पण उद्गमबिंदू, म्हणजे आकाशातल्या ज्या ठिकाणाहून उल्का येताना दिसतात ते, सूर्याच्या पश्चिमेला जेमतेम तीस अंशांवर. नागपुरात तो पहाटे साडेतीनच्या आधीमागे उगवतो आणि तासाभरात उजाडायला लागतं. तेवढ्यात क्षितिजालगत एखादी लांबलचक उल्का सरकली तर सरकली. बाकी सगळं उन्हात. म्हणूनच १९४७ पर्यंत हे वर्षाव कुणाला माहीतच नव्हते. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक इथे खगोलशास्त्रज्ञ लॉव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्कराच्या जुन्या रडारवर त्या उन्हाळ्यात ते पकडले.

रात्रीच्या उल्का बघणाऱ्यांना कुणी पुरावा मागत नाही. बोट दाखवलं की झालं. आपल्याकडे काय, तर दूरच्या एफएम स्टेशनची लहर उल्केच्या रेघेवर आपटून इकडे आली की स्पीकरमध्ये वाजणारा अर्ध्या सेकंदाचा गाण्याचा तुकडा. त्यालाच मी प्रतिध्वनी म्हणतो. दादा असता तर... जाऊ दे.

पोकळीकडे वळण्याआधी यंत्रणेचा दोष नाही ना, ते एकदा लिहून काढतो. ऐकायची फ्रिक्वेन्सी नागपुरात रिकामी हवी आणि आठशे ते दीड हजार किलोमीटरवर कुठेतरी जोरात चालू हवी. यात आपलं गाव नशीबवान: दिल्ली, चेन्नई, कोलकाता, तिन्ही सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आत. पूर्वी दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर यासाठी जास्त सोयीचे होते, ते बंद झाल्यावर एफएमच उरलं. शंभर मेगाहर्ट्झसाठी तीन दांड्यांची यागी अँटेना: मधली १४२ सेंटिमीटर, मागची दीड मीटर, पुढची १३५, आणि दोन दांड्यांत साठ सेंटिमीटर अंतर. ती स्लॅबपासून तीन मीटर उंच बसवली की मुख्य झोत क्षितिजापासून पंधरा अंशांच्या आसपास जातो, आणि लांबच्या स्टेशनसाठी तोच लागतो. रिसीव्हरचा ऑटोमॅटिक गेन, म्हणजे पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर प्रत्येक उल्केगणिक पातळी हलते आणि मोजणीला अर्थ राहत नाही.

आणि कूलर. जूनमध्ये आजूबाजूच्या प्रत्येक खिडकीत मोटर फिरत असते, शिवाय एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर. गोंगाट वाढला की बारीक प्रतिध्वनी त्यात बुडतात आणि आकडा उगाच पडतो. म्हणून मोजणीच्या शेजारी दर मिनिटाची गोंगाटाची पातळी नोंदवायचीच. कालची ती पातळी सपाट आहे. विमानंही वेगळी काढली आहेत. नागपूरवरून चहूकडचे हवाई मार्ग जातात, त्यामुळे ती फार. पण विमानाचा प्रतिध्वनी मिनिटभर लांबतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते. उल्केचा झटकन उठतो आणि बहुतेकदा सेकंदाच्या आत विरतो. दोन्हींत गफलत होत नाही.

म्हणजे पोकळी खरी आहे. सहा ते आठ भरपूर, नऊनंतर उतार, दहाला तळ, अकरानंतर पुन्हा चढ.

कारण भूमितीचं आहे आणि ते आपल्या अक्षांशाला येऊन भिडतं. उल्केमागे राहणारी आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, रेघ आरशासारखी वागते. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर हे नाभी धरून लंबगोल काढला तर रेघ त्याला स्पर्श करून जायला हवी, तरच लहर इकडे वळते. मधल्या आकाशात अशी रेघ जवळजवळ आडवी लागते. या वर्षावाचा उद्गमबिंदू आकाशाच्या विषुववृत्तापासून उत्तरेला चोवीस अंशांवर, नागपूर पृथ्वीच्या विषुववृत्तापासून एकवीसवर. सकाळी दहाच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर येतो, रेघा उभ्या पडतात आणि लहर भलतीकडेच जाते. म्हणजे उल्का थेट माथ्यावरून येत असतात तेव्हाच नोंद रिकामी. अँटेना दिल्लीकडून चेन्नईकडे फिरवली तरी फारसा फरक पडत नाही.

हे समजलं तरी बोचतं. सगळ्यात जवळ असताना काहीच हाती लागू नये!

संध्याकाळी प्रतिध्वनी लांबीप्रमाणे वेगळे केले, तेव्हा जरा मोकळं वाटलं. पोकळी फक्त छोट्यांची आहे. एक-दोन सेकंदांहून लांब चालणारे प्रतिध्वनी दहालाही आहेत. मोठ्या उल्केची रेघ तेवढा वेळ टिकते, नव्वद-शंभर किलोमीटरवरचे वारे तिला वाकवतात आणि तिचा एखादा तुकडा आपल्या बाजूला वळतो. शिवाय आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा मध्य युरोपात सकाळचे साडेसहा असतात आणि त्यांच्याकडे हाच उद्गमबिंदू मजेत अर्ध्या उंचीवर असतो. आपली पोकळी तिथले ऐकणारे भरतात. त्यांच्याकडे तो नुकता उगवत असतो तेव्हा आपली सहा ते आठची नोंद कामी येते. एका गच्चीवरून अख्खा दिवस मिळणार नाही हे आता पटलंय, आणि त्याचं तेवढं वाईटही वाटत नाही.

खरी काळजी दरवर्षी न येणाऱ्या वर्षावांची. धूमकेतू प्रत्येक फेरीत धुळीचा वेगळा पट्टा सोडतो, आणि पृथ्वी त्यातून गेली की वर्षाव होतो. गुरूच्या ओढीने तो पट्टा कुठे सरकला हे गणिताने काढतात. पृथ्वीच्या वाटेपासून तो दीड लाख किलोमीटर इकडेतिकडे झाला तरी चित्र बदलतं. वेळ मात्र विलक्षण अचूक येते: १९९९ चा सिंह राशीतला वर्षाव मॅकनॉट आणि ॲशर या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलेल्या वेळेच्या काही मिनिटांतच भरात आला. जोर किती असेल, ते तितक्या खात्रीने सांगता येत नाही. २४ मे २०१४ ला २०९पी/लिनिअर धूमकेतूच्या धुळीचा नवा वर्षाव आला. डोळ्यांना जेमतेम दिसला, पण कॅनडाच्या रडारवर बारीक उल्कांची गर्दी होती. भाकिताची वेळ आपल्याकडची भर दुपार, आणि उद्गमबिंदू ध्रुवाजवळ असल्याने नागपुरात मावळतच नाही. अशा दिवशी रिकामी नोंद वाचताना आकाश रिकामं होतं की भूमिती आडवी आली, हे ठरवायला उद्गमबिंदूची उंची आधीच काढलेली हवी. तीस ते साठ अंश उत्तम. क्षितिजाखाली असेल तर विषयच संपला. माथ्यावर असेल तर फक्त लांब प्रतिध्वनी धरायचे. आणि त्याच तासाची आधीच्या-नंतरच्या दिवसांची सरासरी वजा करायची, कारण रोजच्या तुरळक उल्काही पहाटे सहाच्या सुमारास जास्त आणि संध्याकाळी कमी असतात.

२८ जूनच्या आसपास वृषभेतला वर्षाव, एन्के धूमकेतूच्या कुळातला. उद्गमबिंदू उत्तरेला एकोणीस अंशांवर, म्हणजे पुन्हा माथ्यावरच, या वेळी साडेअकराला. तोवर पाऊस आलेला असेल. विजांचा कडकडाट मोजणीत शिरतो, पण तो सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम येतो. तेव्हा शेजारच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर दुसरा रिसीव्हर लावायचा आणि दोन्हींकडे एकाच क्षणी वाजलेलं वगळायचं. ताईला आलेख दाखवायचाच झाला तर लांब-छोटे वेगवेगळ्या रंगांत काढून दाखवीन.