ठिपके नसलेला पट्टा

टेक्सासमध्ये शहराची हद्द एक आणि शाळांची हद्द भलतीच, हे इथे घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना लगेच कळतं. डॅलसजवळच्या फ्रिस्को आयएसडीत प्लॅनो आणि मॅककिनी शहरांचेही भाग येतात. आयएसडी म्हणजे स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट. त्याचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं, कर त्याचा स्वतःचा आणि कर्जही स्वतःचंच. घर बघताना खोल्या किती हे विचारायच्या आधी आपण डिस्ट्रिक्ट कुठलं हे विचारतो, आणि तेवढ्यावरून किमतीत फरक पडतो.

मी अशाच एका डिस्ट्रिक्टच्या वित्त विभागात काम करते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे एक अर्ज आला. हद्दीच्या कडेला असलेल्या एका नव्या वसाहतीला आमच्यातून बाहेर पडून शेजारच्या, जास्त नाव असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये जायचं होतं. कायद्यात तशी सोय आहे. त्या भागातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी बहुसंख्यांनी सह्या करायच्या, मग दोन्ही बोर्डांनी सुनावणी घ्यायची. दोघांचं एकमत झालं नाही, तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, मला दोन आकडे काढायला सांगितले. जो भाग बाहेर पडणार त्यात डिस्ट्रिक्टच्या एकूण करपात्र मालमत्तेचा किती हिस्सा आहे, आणि डिस्ट्रिक्टच्या एकूण मुलांपैकी किती तिथे राहतात. पहिला हिस्सा दुसऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरला, तर बोर्डाच्या बहुसंख्य सदस्यांनी स्वतः अर्जावर सही केल्याशिवाय तो भाग तोडता येत नाही. टेक्सासच्या शिक्षण संहितेतलं हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. मुलं जात असतील तर त्यांच्याबरोबर पैसा जाऊ दे, पण मुलांच्या नावावर नुसता पैसा जायला नको.

काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाचा नकाशा मी स्क्रीनवर उघडला. प्रत्येक प्लॉट वेगळा, त्यावर 1 जानेवारीचं बाजारमूल्य. त्यावर मुलांचे पत्ते लाल ठिपक्यांनी टाकले. वसाहतीत ठिपक्यांची गर्दी झाली, एकेका गल्लीत सात-आठ. पण वसाहत आणि शेजारचं डिस्ट्रिक्ट यांच्यामध्ये हायवेला लागून एक लांब पट्टा होता आणि अर्जातली रेघ तो पट्टाही पोटात घेऊन गेली होती. घ्यावाच लागला होता, कारण तुटणारा भाग नव्या डिस्ट्रिक्टला चिकटलेला असला पाहिजे अशी अट आहे. त्या पट्ट्यात एकही ठिपका नव्हता. होती ती ओळीने नवी कोरी गोदामं. आमच्या अख्ख्या डिस्ट्रिक्टमधली सर्वांत महागडी मालमत्ता तीच. मुलं शंभरात चार, मालमत्ता शंभरात अकरा.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. आपली बरीच मंडळी होती. त्यांच्यातले एक गृहस्थ माइकवरून शांतपणे आणि मुद्देसूद बोलले. मुलगी सहावीत, बसमध्ये पाऊण तास जातो, शेजारच्या डिस्ट्रिक्टची शाळा मात्र गच्चीतून दिसते. नंतर बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"ताई, सरकार दर मुलामागे पैसे देतंच ना? मालमत्ता कमी झाली तर तेवढं राज्य भरून देतं. मग तुमचं जातंय काय?"

प्रश्न बरोबर होता, आणि अर्धं उत्तरही त्यातच होतं. राज्य दर मुलामागे एक मूळ रक्कम ठरवतं. 2019 पासून बरीच वर्षं ती 6,160 डॉलर होती. मालमत्तेवरच्या ठरावीक दराने स्थानिक वाटा काढतात आणि उरलेलं राज्य देतं. मालमत्ता घटली की राज्याचा वाटा वाढतो, म्हणजे वर्गातला खर्च बऱ्याच अंशी सांभाळला जातो.

मी त्यांना म्हटलं, "अहो, पण इमारतींचं काय? त्या बाँड काढून, म्हणजे कर्ज उभारून बांधतात, आणि त्याचे हप्ते बहुतेक इथल्याच मालमत्तेवर. जुन्या कर्जाचा हिस्सा तुमच्याबरोबर वाटून देता येतो, तशी कायद्यात तरतूद आहे. पण उद्या नवी शाळा बांधायची झाली, तर शंभर डॉलर मूल्यामागे 50 सेंटच्या दरात हप्ते निघतील हे दाखवल्याशिवाय नवे बाँड काढता येत नाहीत. गोदामं गेली की ती ऐपत गेली. जुन्या गावातल्या प्राथमिक शाळेचं छप्पर गळतंय, ते त्याच ऐपतीतून व्हायचंय."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या अर्जावर माझी सहीच नाही, ताई. एच-वन बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, मतदार कुठला? कर मात्र दरवर्षी भरतो." हे मला आतून लागलं. त्या वसाहतीतल्या कितीतरी घरांचं हेच आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत नाव नाही, पण कराच्या यादीत आहे.

मालमत्तेवरून मुलाची शाळा ठरते, हे दुखणं टेक्सासमध्ये जुनं आहे. सॅन अँटोनिओतल्या एजवूड डिस्ट्रिक्टच्या खटल्याचा निकाल 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. खटल्यातल्या आकड्यांप्रमाणे तिथे दर मुलामागे मालमत्ता 5,960 डॉलर होती आणि त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये 49,000 च्या वर. एजवूडचे पालक कराचा दर जास्त भरत होते, तरी त्यांच्या शाळांना कमी मिळत होतं. खटला ते हरले. पुढे 1989 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि त्यातूनच 1993 साली श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडून पैसा काढून घेणारी 'रॉबिन हूड' पद्धत आली. आमच्या शेजारचं डिस्ट्रिक्ट त्याच श्रीमंतांच्या रांगेत आहे. म्हणजे गोदामं तिकडे गेली असती, तर वर्गखर्चाच्या करातला बराचसा भाग त्यांच्याकडून पुन्हा राज्याने घेतला असता. आमचं तर गेलंच असतं, त्यांनाही पुरतं लाभलं नसतं.

रात्री साडेनऊला बोर्डाने अर्ज नाकारला. पण त्याच बैठकीत एका वयस्क सदस्य बाईंनी पाऊण तासाच्या बसचा विषय काढला आणि धरून ठेवला. त्या जुन्या गावात राहतात, त्यांची नातवंडं त्याच गळक्या शाळेत आहेत. त्या म्हणाल्या, ही मुलंही आपलीच आहेत, मग त्यांना बसमध्ये इतका वेळ का? दुसऱ्या दिवशी मला जादा बसचा खर्च काढायला सांगितला. जानेवारीपासून ती बस सुरू आहे, आणि आता वीस मिनिटं लागतात.

वसाहतीने आयुक्तांकडे अपील केलं नाही. पट्टा सोडला तर सलगपणा जातो, घेतला तर प्रमाण आडवं येतं. आता बोर्डाचं बहुमतच आपल्या बाजूला आणायचं त्यांनी ठरवलंय. मेमधल्या निवडणुकीत दोन जागा आहेत आणि वसाहतीतली एक नागरिक झालेली आई उभी आहे. गेल्या आठवड्यात ती कार्यालयात आली आणि ठिपक्यांचा नकाशा मागितला. मी तो छापून दिला, त्याबरोबर बाँडची ऐपत कशी मोजतात त्याचं कोष्टकही दिलं. तासभर बसून तिने ते माझ्याकडून ओळीओळीने समजून घेतलं आणि जाताना छप्पर गळणाऱ्या शाळेचा पत्ता लिहून घेतला.