बॅग किती वेळा उघडायची?

दरवर्षी मार्च उजाडला की पुण्याहून फोन सुरू होतात. व्हिसा झालेला असतो, रजा मंजूर झालेली असते आणि हातात जेमतेम पाच दिवस असतात. "ट्रेननंच फिरायचंय रे, कुठली कुठली शहरं घेऊ?" मी अकरा वर्षं न्युर्नबर्गच्या शेजारी एरलांगनला राहतो, म्हणजे अख्खी जर्मनी माझ्या खिशात असणार असा नातेवाइकांचा समज आहे. परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

आधी आमच्या काकांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी काका-काकू आले ते एक्सेलची शीट घेऊनच. फ्रँकफर्ट, कोलोन, हॅम्बुर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक. पाच दिवसांत सहा शहरं! नकाशावर छान गोल प्रदक्षिणा होत होती आणि प्रत्येक प्रवासापुढे गाडीचा वेळ मिनिटांत लिहिलेला होता. दोन तास, चार तास, पावणेदोन तास. काकांनी आयुष्यभर कारखान्यात प्लॅनिंग केलेलं, त्यामुळे बेरीज चोख होती.

त्या बेरजेत बॅग नव्हती. गाडी दोन तासांची असली तरी सकाळी आवराआवर, अकराच्या आत खोली सोडणं, स्टेशन गाठणं, उतरल्यावर पुढचं हॉटेल शोधणं आणि तिथे "खोली तीननंतर मिळेल" हे ऐकणं, यात दिवस अर्धा संपतो. शिवाय इथली गाडी वेळेवर येते ही आपल्याकडची समजूत जुनी झाली. २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरून. मधे एक गाडी बदलायची असेल तर ठीक. रोज बदलायची असेल तर पाचांतले एक-दोन दिवस बोंबलणारच.

काकांचा असाच एक दिवस मी डोळ्यांनी पाहिला. इथे फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात आणि आपला डबा कुठल्या भागात येणार ते आधी लावलेलं असतं. काका वीस मिनिटं आधीपासून 'ए'खाली बॅगांसकट ठाण मांडून उभे. गाडी यायच्या दोन मिनिटं आधी जर्मनमध्ये घोषणा झाली आणि सगळा फलाट उलट दिशेला चालायला लागला. गाडीचे डबे उलट्या क्रमानं लागले होते. माझ्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत काकू म्हणाल्या, "अहो, सगळे तिकडे पळतायत, चला!" चार बॅगा घेऊन आम्ही जवळजवळ चारशे मीटर पळालो. डब्यात चढल्यावर काकांनी शीट घडी करून खिशात टाकली, ती पुन्हा काढली नाही.

तर माझं उत्तर असं, की शहरं मोजूच नका. बॅग किती वेळा उघडायची ते ठरवा. पाच रात्रींना तीनदा, फार तर. आणि विमानाचं तिकीट जाऊन-येऊन एकाच शहराचं काढू नका. फ्रँकफर्टला उतरा, म्युनिकहून परत जा. उतरलो तिथे परत जाण्यात एक दिवस फुकट जातो.

फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच कोलोनची वेगवान गाडी सुटते. २००२ साली झालेल्या त्या नव्या मार्गावर ती ताशी ३०० किलोमीटरनं धावते, तासाभरात पोहोचवते आणि वाटेत बोगद्यांखेरीज फारसं काही दाखवत नाही. तुम्ही ती घेऊ नका. माइन्झला जा आणि ऱ्हाईनच्या काठाकाठानं कोब्लेंझकडे जाणारी साधी गाडी पकडा, तिथून पुढे कोलोन. उजव्या हाताची खिडकी धरा. बिंगेनच्या पुढे नदी रुळांना अगदी चिकटते. चढावर द्राक्षांचे मळे, प्रत्येक वळणावर एक किल्ला, काउबपाशी तर नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला जहाजासारखा एक. जकात वसूल करायला बांधलेला! त्यानंतर दंतकथेमुळे गाजलेला लोरेलायचा १३२ मीटरचा कडा येतो. तो बघून नवखे हमखास म्हणतात, "हाच का?" सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्यात विशेष वाटणार नाही, हे मान्य. पण खालून वाकडी होत गेलेली नदी बघा.

कोलोनला एक रात्र पुरे. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडलात की कॅथेड्रल अंगावरच येतं, टॅक्सी-बिक्सी काही लागत नाही. १२४८ मध्ये काम सुरू झालं, १८८० मध्ये पूर्ण झालं. मधली तीनेक शतकं काम बंदच पडलं होतं. काकू मान वर करून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "आणि आपण मेट्रोला नावं ठेवतो." वर चढायला ५३३ पायऱ्या आहेत, गुडघ्यांशी बोलून घ्या.

मग तीन रात्री न्युर्नबर्ग. माझं गाव शेजारी म्हणून सांगत नाही, अगदीच तसं नाही. इथून आजूबाजूला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं आणि बॅग खोलीतच राहते. शिवाय रेल्वेनं फिरणाऱ्यानं इथे यायलाच हवं. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ मध्ये न्युर्नबर्ग ते फ्युर्थ धावली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. इंजिन मात्र इंग्लंडहूनच आणलेलं. स्टेशनाजवळच्या रेल्वे संग्रहालयात ती सगळी हकिगत आहे. सोमवारी जाऊ नका, इथली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. आणि रविवारी दुकानं बंद. दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा.

बायर्न म्हणजे बव्हेरिया, आमचं राज्य. त्याचं बायर्न-तिकीट नावाचं एका दिवसाचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत चालतं. आठवड्याच्या दिवशी सकाळी नवानंतरच, आणि फक्त साध्या गाड्यांना. त्यावर एक दिवस बाम्बर्ग, दुसऱ्या दिवशी वुर्त्सबुर्ग नाहीतर रेगेन्सबुर्ग. मला विचाराल तर बाम्बर्ग सोडू नका. तिथलं जुनं नगरभवन नदीच्या मधोमध पुलावर आहे, आणि तिथे धुरकट बिअर मिळते. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, वाळवतात. काकांनी ग्लास नाकाशी नेला, थांबले, आणि म्हणाले, "अगं, भरताचं वांगं!" अगदी खरं होतं. एवढ्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

शेवटची रात्र म्युनिक, वेगवान गाडीनं तासाभराच्या थोडं वर. म्युनिकबद्दल तुम्हाला माझ्याइतकंच कळेल, ते सोडून देतो.

"आणि बर्लिन?" हा प्रश्न येतोच. बर्लिन या मांडणीत नाही. आता म्युनिकहून चार तासांत पोहोचता येतं म्हणून लोक एका रात्रीकरता जातात आणि दमून येतात. बर्लिन हवंच असेल तर हे सगळं सोडा. तिथेच चार रात्री राहा, एक दिवस लाइपझिश आणि एक ड्रेस्डेन करून या. ती सहल वेगळी, आणि खरं सांगू का, पावसाळी दिवसांत तीच बरी.

औंधच्या मावशीला मात्र ब्रेमेनच हवं होतं, घराजवळ ब्रेमेन चौक आहे म्हणून. ब्रेमेन आणि पुण्याची जुनी मैत्री आहे, नाव तिथूनच आलं. पाच दिवसांत ते बसत नाही असं मी तिला ठामपणे सांगितलं. पुढच्या वर्षी ती हॅम्बुर्गला आली आणि तिथून तासाभराच्या गाडीनं मला न विचारता जाऊन आली. गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकावर एक चढलेला तो प्रसिद्ध पुतळा आहे ना, त्यातल्या गाढवाचे पुढचे दोन्ही पाय धरले की इच्छा पूर्ण होते म्हणतात. एकच पाय धरला, तर ब्रेमेनचे लोक हसतात: एक गाढव दुसऱ्याला हात मिळवतंय!

मावशीनं फोटो पाठवलाय. एका हातात पर्स आहे, दुसऱ्यात एकच पाय. मी "मस्त!" एवढंच लिहिलं.