यूझान वाँगांवरचा खटला

स्टार वॉर्सच्या जुन्या कादंबऱ्या वाचलेली चार माणसे एकत्र बसली की यूझान वाँगांचा विषय निघतोच, आणि तो निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात. १९९९ ते २००३ या काळात डेल रे या प्रकाशनसंस्थेने ‘द न्यू जेडाय ऑर्डर’ या नावाने एकोणीस कादंबऱ्यांची मालिका काढली आणि तिच्यात दुसऱ्या दीर्घिकेतून आलेले हे आक्रमक आणले. यंत्रांचा त्यांना धर्माने विटाळ आहे, वेदनेला ते पूजा मानतात, आणि मुख्य म्हणजे जेडाय या योद्ध्यांच्या फोर्सला, सर्व सजीवांना जोडणाऱ्या अदृश्य शक्तीला, ते जाणवतच नाहीत. मालिका संपून वीस वर्षे उलटली. २०१४ मध्ये लुकासफिल्मने हे सगळे जुने कादंबरीविश्व ‘लेजंड्स’ ठरवून अधिकृत कथेबाहेर काढले. तरीही वाँगांवरचा राग शमलेला नाही. मी त्यांचा वकील नाही. मात्र आपण चाहते त्यांच्यावर जे आरोपपत्र ठेवतो, त्यातली बरीचशी कलमे चुकीची आहेत आणि जे कलम लावायला हवे होते ते कुणी फारसे लावत नाही, असे माझे मत झाले आहे.

एक कबुली आधी दिलेली बरी. मी ही मालिका उलटसुलट वाचली. रद्दीच्या दुकानात पहिल्यांदा हाती लागला तो ‘स्टार बाय स्टार’ हा नववा भाग, ट्रॉय डेनिंगचा जाडजूड ठोकळा, ज्यात हान आणि लेयाचा धाकटा मुलगा ॲनाकिन सोलो मरतो आणि कोरुसंट ही राजधानी पडते. त्यामुळे वाँगांशी माझी ओळख झाली तीच ते जिंकत असताना. ज्यांनी आर. ए. साल्व्हातोरेच्या ‘व्हेक्टर प्राइम’पासून क्रमाने सुरुवात केली, त्यांची ओळख हानचा जुना साथीदार च्युबाका याच्या मृत्यूपासून झाली. सर्नपिडल या ग्रहावर वाँग त्याचाच चंद्र ओढून पाडतात, फाल्कन हे यान निघून जाते आणि च्युबाका मागे राहतो. वाँगांवरचा निम्मा राग हा खरे तर त्या एका प्रसंगाचा राग आहे असे मला वाटते. तो समजण्यासारखा आहे. पण तो आक्रमकांच्या रचनेतला दोष नव्हे. घरातले माणूस गेल्यावर ज्या ट्रकने ठोकरले त्याचा रंगही डोळ्यांपुढे नकोसा होतो, तसेच काहीसे हे आहे. (यापुढे मालिकेचा शेवटही येणार आहे. ज्यांना अजून वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.)

सर्वांत जास्त ऐकू येणारा आरोप असा की, हे लोक ‘स्टार वॉर्सचे वाटतच नाहीत’. शिंपल्या-खेकड्यांचे चिलखत, हातात सापासारखा जिवंत अँफिस्टाफ, निरोपासाठी व्हिलिप नावाचे गोळ्यासारखे प्राणी, पोवळ्यापासून वाढवलेली लढाऊ याने, आणि त्या यानांना चालवणारे व शत्रूचा मारा छोट्या कृष्णविवरांत गिळून टाकणारे डोविन बेसल. एवढे सगळे ओलसर, खवल्यांचे आणि रक्ताळलेले जग पाहून पांढऱ्या चिलखतातले शिपाई आणि धातूची चकचकीत याने यांवर वाढलेला वाचक बिचकतो. पण त्याआधीच्या आठ वर्षांत काय चालले होते हे आठवले पाहिजे. १९९१ मध्ये टिमथी झानच्या थ्रॉन या साम्राज्याच्या सेनापतीने कादंबऱ्यांची ही लाट सुरू केली. त्यानंतर चित्रपटांत हरलेल्या त्या साम्राज्याचा कुणी ना कुणी उरलासुरला सेनापती उठायचा, सूर्यच फोडणारे एखादे महाशस्त्र निघायचे, आणि शेवटच्या प्रकरणात ते नष्ट व्हायचे. तेच ते वाचून कंटाळा आला आहे, अशी तक्रार करणारेही आपणच होतो. परके वाटणारे शत्रू हवेत म्हणायचे आणि ते परके वाटले की नाक मुरडायचे, यात न्याय नाही.

दुसरे एक कलम तारखांवरच बाद होते. वाँग म्हणजे ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेला दिसलेल्या धर्मवेड्या शत्रूचे चित्र आहे, असे अजूनही लिहिले जाते. मालिका सुरू झाली ऑक्टोबर १९९९ मध्ये. राजधानीवर आकाशातून संकट कोसळते ती ‘स्टार बाय स्टार’ ऑक्टोबर २००१ मध्ये दुकानांत आली हे खरे, पण सहाशेहून अधिक पानांची कादंबरी महिनाभरात लिहून, छापून बाजारात येत नाही. त्या शरद ऋतूत ती वाचणाऱ्या अमेरिकन वाचकाला काय वाटले असेल, हा वेगळा आणि मोलाचा प्रश्न आहे. लेखकांच्या हेतूचा पुरावा म्हणून मात्र तो चालणार नाही. नावांमधल्या अनावश्यक अपॉस्ट्रॉफींबद्दलचा आरोप मी विनाशर्त मान्य करतो.

आता फोर्सचा मुद्दा. ‘फोर्स त्यांच्यावर चालत नाही’ ही लेखकांची पळवाट आहे, जेडाय फार बलवान झाले म्हणून त्यांना बांधून ठेवायची ही युक्ती आहे, असे बहुतेक टीकाकार म्हणतात. युक्ती ती आहेच. झाननेही मिर्कर ग्रहावरचे, फोर्सला दूर सारणारे इसालामिरी प्राणी आणून तीच केली होती आणि त्याला आपण टाळ्या वाजवल्या होत्या. फरक असा की इसालामिरी हा एक अडथळा होता, तर वाँग हा एक प्रश्न आहे. सर्व सजीव फोर्सने जोडलेले आहेत, किंबहुना जीवनच फोर्स निर्माण करते, हे जेडाय तत्त्वज्ञानाचे मूळ. मग समोर चालणारा, बोलणारा, मुले जन्माला घालणारा, मरणाऱ्या भावासाठी रडणारा प्राणी फोर्समध्ये रिकामी जागा म्हणून दिसत असेल, तर एकतर तो सजीव नाही किंवा तुमचे तत्त्वज्ञान अपुरे आहे. स्टार वॉर्सच्या विश्वाला इतका मुळाशी जाणारा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता. म्हणूनच पुढे साम्राज्याच्या जागी आलेल्या नव्या प्रजासत्ताकाचे गुप्तहेर ‘अल्फा रेड’ नावाचे, वाँगांचा वंशच संपवणारे जैविक अस्त्र तयार करतात, तेव्हा तो वाद नुसता डावपेचांचा राहत नाही. जे फोर्समध्ये नाहीत त्यांना मारण्याने फोर्सची काळी, दुष्ट बाजू वाढते का? वाढत नसेल तर जेडायांना थांबवणारे काय आहे? ‘वेळीच अल्फा रेड वापरले असते तर कोट्यवधी वाचले असते’ असे ठामपणे सांगणारे चाहते मला भेटले आहेत, आणि ते हे किती सहज बोलतात ते पाहून मालिकेचा डाव साधला होता असेच वाटते.

तो डाव सर्वांत नीट खेळला आहे मॅथ्यू स्टोव्हरच्या ‘ट्रेटर’ या तेराव्या भागात. ॲनाकिनचा थोरला भाऊ जेसन सोलो वाँगांच्या कैदेत आहे, फोर्सपासून तोडला गेला आहे, आणि त्याच्या छातीत रुजवलेल्या एका गुलामबीजामुळे त्याला हळूहळू वाँगांचे आणि त्यांच्या प्राण्यांचे मन जाणवू लागते. फोर्सने नव्हे, वेदनेच्या वाटेने. येथे एकदाच असे होते की वेदनेला देवत्व देणारा त्यांचा धर्म केवळ छळाची सजावट राहत नाही. त्याला आतून काही अर्थ असू शकतो, हे वाचकाला पटते. बाकीच्या बऱ्याच भागांत मात्र तो सजावटच आहे. बारा लेखकांनी मिळून लिहिलेल्या मालिकेत वाँगांचा प्रत्येक नवा सेनापती शरीर कापून घेतो, कनिष्ठाला मारतो, देवांची नावे घेतो आणि हरतो. चौथ्या-पाचव्या सेनापतीनंतर वाचकाला भीती वाटेनाशी होते. एखाद्या नाटकात खलनायक प्रत्येक प्रवेशाला त्याच पद्धतीने मिशीवर ताव देऊ लागला की प्रेक्षक शेंगदाणे सोलू लागतात, तसे होते. टीका करायचीच तर येथे करावी.

त्यांच्या लढाऊ सामर्थ्याचेही हेच झाले. सुरुवातीला डोविन बेसलपुढे प्रजासत्ताकाची याने हतबल असतात. मग कमी ताकदीचे असंख्य मारे करून डोविन बेसल दमवण्याची युक्ती सापडते, बाफोर वृक्षाच्या परागांनी खेकड्याचे चिलखत सुजून आतला योद्धा गुदमरतो हे कळते (आणि त्यापायी इथोर हा हिरवागार ग्रह जळतो), त्यानंतर युद्धाचे सूत्रसंचालन करणाऱ्या यामोस्कचे संदेश अडवणे जमते. प्रत्येक शोध स्वतंत्रपणे पटतो, काही तर फारच सुंदर आहेत. पण त्यांची बेरीज अशी होते की मालिकेच्या मध्यापासून वाँग गूढ उरत नाहीत, सोडवायचे गणित होतात.

माझा खरा आक्षेप मात्र दुसरा आहे. आक्रमक रणांगणावर कसा दिसतो यापेक्षा तो आपल्या घरी कसा राहतो यावर तो टिकतो की नाही हे ठरते, आणि या मालिकेने वाँगांचे घर फारच थोड्या वेळा दाखवले. दाखवले तेव्हा ते विलक्षण होते. ग्रेग कीझच्या ‘रीबर्थ’मध्ये नेन यिम ही तरुण शेपर, म्हणजे जीव घडवण्याचे शास्त्र जाणणारी स्त्री, बानू मीर या विश्वयानावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या दीर्घिकांमधल्या अंधारात प्रवास करून ते जिवंत यान म्हातारे झाले आहे, सडते आहे. आत हजारो माणसे आहेत, आणि ते वाचवायचे असेल तर नेन यिमला शास्त्राबाहेर जाऊन प्रयोग करावा लागेल, जो पाखंड आहे. या प्रकरणांत लाइटसेबर नाही, की ‘आपला’ म्हणावा असा एकही नायक नाही. पण वाँग या दीर्घिकेत का आले हे येथे जेवढे कळते तेवढे शंभर लढायांत कळत नाही. पुढे शेपरांच्या ज्ञानाचा जो सर्वोच्च, आठवा स्तर देवांनी दिलेला म्हणून सांगितला जातो तो जवळजवळ रिकामाच आहे, हे तिला समजते. ज्या समाजात सर्व ज्ञान पूर्वीच सांगून झाले आहे असे मानतात आणि कपाटाचा शेवटचा कप्पा उघडल्यावर तो मोकळा निघतो, त्या समाजाची भीती एका झटक्यात समोर येते.

येथे मराठी वाचक म्हणून मला एक गोष्ट टोचते. वाँगांचा समाज जन्माने ठरलेल्या वर्गांचा आहे: योद्धे, पुरोहित, शेपर, कारभारी, कामकरी, आणि सर्वांच्या खाली ‘शेम्ड वन्स’, म्हणजे ज्यांचे शरीर त्यात रोवलेले जिवंत अवयव स्वीकारत नाही म्हणून देवांनीच ज्यांना नाकारले असे मानलेले लोक. त्यांची सावलीसुद्धा उच्च वर्गाला नको असते. अमेरिकन चाहत्यांच्या लिखाणात हा भाग बहुधा ‘जगाची बांधणी’ या शीर्षकाखाली दोन ओळींत उरकलेला असतो. आपल्याला तो तसा उरकता येत नाही. ‘कॉन्क्वेस्ट’मध्ये व्हुआ रापुंग हा पूर्वीचा योद्धा यविन ४ वर ॲनाकिनच्या बरोबरीने लढतो. त्याला शेम्ड ठरवले गेले ते देवांच्या कोपाने नव्हे, तर एका शेपर स्त्रीने, त्याच्या प्रेयसीनेच, ते मुद्दाम घडवून आणले होते. हे सर्वांदेखत उघड होते, आणि त्यातून शेम्ड लोकांमध्ये नवा पंथ पसरतो. देवाने दिलेली म्हणून सांगितलेली अवहेलना माणसाने केलेली आहे हे कळणे: या मालिकेतला हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा क्षण आहे, आणि तो वाचताना १९५६ चे नागपूर आठवले नाही तर नवल.

आणि त्या क्षणाचे पुढे काय केले? शेम्ड लोकांच्या उठावाचा प्रेषित म्हणून उभा राहतो नोम अनोर, वरच्या वर्गातून घसरलेला, जीव वाचवण्यासाठी त्यांच्यात लपलेला पक्का संधिसाधू. तो यूशा या नावाने त्यांना उपदेश करतो आणि मनात त्यांना तुच्छ मानतो. व्यंग्य म्हणून हे धारदार आहे हे मान्य. पण एवढ्या लोकांत एकालाही स्वतःचे शब्द सापडू नयेत? त्यांची मुक्ती कधी वरच्या वर्गातल्या भामट्याच्या तोंडून येते, कधी जेडायांच्या हातून; त्यांच्यातला जो एकमेव बोलता होता तो रापुंग सातव्या भागातच मरतो.

जेम्स लुसिनोच्या ‘द युनिफाइंग फोर्स’ या शेवटच्या भागात याच वृत्तीची परिसीमा होते. सर्वोच्च शासक शिमराच्या मागे खरी सत्ता होती ती त्याचा विदूषक ओनिमी याची, जो स्वतःच शेम्ड आहे, असे उघड होते. म्हणजे तळातून वर चढलेला एकमेव माणूस हाच सर्वांचा सूत्रधार दुष्ट. आणि फोर्समधल्या त्या रिकाम्या जागेचे उत्तर काय, तर वाँगांना त्यांच्या मूळ जिवंत ग्रहाने शिक्षा म्हणून फोर्सपासून तोडले होते, आणि झोनामा सेकोट हा ग्रह त्याचेच बीज आहे. म्हणजे तत्त्वज्ञान अपुरे नव्हतेच. रुग्ण आजारी होता, आता त्याला औषध मिळाले. तेरा पुस्तके जपून वाढवलेला प्रश्न एकोणिसाव्यात असा मिटवला जातो, आणि जेडायांना आपल्या श्रद्धेतला एक शब्दही बदलावा लागत नाही. ‘फोर्स त्यांच्यावर चालत नाही’ म्हणून चिडलेल्या चाहत्यांना हवे होते तेच शेवटी मिळाले, आणि मालिकेचा तोटा तेथेच झाला.

हे सगळे लिहून झाल्यावर शहानिशेसाठी पुन्हा पुस्तके काढली, तर हात आपोआप ‘रीबर्थ’कडे गेला. युद्धाची प्रकरणे ओलांडून मी नेन यिमचीच तेवढी वाचली. बानू मीर अजून सडतेच आहे, आणि ती अजून एक उपाय करून पाहते आहे.