ट्यूमरच्या पेशींचे पाय बांधता येतील का?

परवा रात्री झोप येईना म्हणून कॅन्सरवरचं वाचत बसलो आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागला, की गाठ एका जागी गप्प बसली तर सर्जन ती काढून मोकळा होतो, खरा घात होतो तो पेशी उठून फुप्फुसात, हाडात, लिव्हरमधे जाऊन बसतात तेव्हा. मग त्यांचं चालणंच बंद केलं तर?

करून बघितलंय बरं का हे. पेशी वाट काढायला एमएमपी नावाची एन्झाइम्स सोडतात, ती आजूबाजूचं कोलॅजनचं जाळं कुरतडतात. 1990 च्या दशकात ती अडवायला मॅरिमास्टॅट नावाची गोळी आली, पण ट्रायलमधे पेशंटचे सांधे दुखायला लागले आणि फायदा जेमतेम. बऱ्याच जणांचा कॅन्सर आधीच पसरलेला, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला! वर 2003 मधे लॅबमधे दिसलं की ही कात्री काढून घेतली तर पेशी अमीबासारखं अंग आकसून फटीतून सटकतात. चिवट जात!

शिवाय असल्या औषधाने गाठ लहान होईलच असं नाही, आणि आपण स्कॅनमधे आधी तेच बघतो ना, नवीन गाठी आल्या नाहीत हे मोजायला वर्षं जातात, एवढा पैसा कोण लावणार?