गिफ्ट घ्यायचं, पण ५० डॉलरच्या आत

मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेत काम करणाऱ्याला पालकांकडून ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं गिफ्ट घेता येत नाही. ४९ चं चालतं. हा शाळेचा नियम नाही, राज्याचा कायदा आहे, आणि प्रिन्सिपलपासून माझ्यासारख्या पॅरापर्यंत (म्हणजे वर्गातली मदतनीस, नाशिकला सगळ्यांना मी टीचर आहे असंच वाटतं आणि मीही फार दुरुस्त करत बसत नाही) सगळ्यांना लागू. डिसेंबरच्या सुट्टीआधी ऑफिसकडून याची आठवण करून देणारी मेल येते, मी ती न वाचताच बंद करायचे, कारण मला कोण ५० डॉलरचं देणार? मेणबत्त्या, हँडक्रीम आणि 'बेस्ट टीचर' लिहिलेले चहाचे मग. आमच्याकडे चहाला जो येईल तो बेस्ट टीचर.

यंदा एका आईने चांदीचा करंडा आणला.

आई आपलीच, पुण्याकडची. मुलगा आमच्या तिसरीत. सप्टेंबरपासून त्याला बाजूला घेऊन मी वाचून घेतेय, पोरगं आता धडाधड वाचतं. शुक्रवारी शाळा सुटताना तिने हातात पिशवी दिली, आत खणात गुंडाळलेला करंडा. मी म्हटलं अहो हे मला घेता येणार नाही, तर म्हणते, "ताई, भारतातून आणलाय, रुपयात घेतलाय." आता मी नाशिकच्या सराफ बाजारातून फ्रॉक घालून फिरलेली बाई, हातात घेतल्याबरोबर वजन कळलं, रुपयात घ्या नाहीतर डॉलरमध्ये, ५० च्या आत तो बसत नव्हता. तिला वाटलं मी संकोच करतेय. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असतं, तसं तिने तिसऱ्यांदा पुढे केला आणि मी तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. म्हणाली, गुरूला रिकाम्या हाताने कसं भेटायचं ताई. पार्किंगमध्ये थंडीने आमची दोघींची नाकं गळतायत, सव्वाचारला इथे सूर्य मावळतो, आणि मी तिला कायदा समजावतेय. आपल्या माणसाला आपल्या भाषेत कायदा समजावण्याइतकं ओशाळवाणं काही नाही.

आख्खा वीकेंड मी चिडलेली होते. त्या बाईने काय लाच दिली का मला? तिसरीतल्या मुलाच्या वाचनात मी कुठले मार्क वाढवणार होते? आणि ५० च्या खालचं सुद्धा, बघणाऱ्याला संशय येईल असं काही असेल तर लेखी कळवायचं. म्हणजे कृतज्ञतेचा फॉर्म भरायचा. नवरा म्हणाला की याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली ख्रिसमस साजरा करायलाच बंदी घातली होती, सापडला तर ५ शिलिंग दंड, १६८१ मध्ये ती उठली. म्हटलं बघा, सणाला रक्कम लावायची यांची खोडच जुनी.

नाशिकला असताना फेब्रुवारीत माझ्या वर्गात द्राक्षं यायची. निफाडकडचे एक पालक मोटरसायकलवर पेटी बांधून आणायचे, आणि ज्या वर्षी थंडीने निफाडचा पारा खाली गेला, रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून माल वाचवावा लागला त्याही वर्षी आणली. ती मी परत करायची होती का? एक तर द्राक्षं आणि चांदी यात फरक आहे, द्राक्षं चार दिवसांत खराब होतात. दुसरं म्हणजे ती मी स्टाफरूममध्ये वाटायचे (बरीचशी). त्यांच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलं होतं ते चष्म्यामुळे.

पण याच कायद्यातली एक गोष्ट वाचली आणि खरं सांगते, मी गप्प झाले. वर्गातले सगळे पालक मिळून टीचरला १५० डॉलरपर्यंत एकत्र गिफ्ट देऊ शकतात, मात्र ते 'वर्गाकडून' असंच यायला हवं, कोणी दिले, किती दिले, हे टीचरला कळता कामा नये. आपल्याकडे लग्नात टेबल टाकून आहेराची वही घेऊन बसतात, नाव, गाव, रक्कम, आणि नंतर ती वही वीस वर्षं कपाटात जपून ठेवतात, त्याच्या बरोबर उलटं. ज्याने ५ दिले तो आणि ज्याने ३० दिले तो, टीचरला सगळे सारखे. ज्याने काहीच दिलं नाही तोसुद्धा. नाशिकला शिक्षकदिनाला पेन आणणाऱ्यांच्या गर्दीत दोन-तीन मुलं दप्तरात डोकं घालून उगाच काहीतरी शोधत असायची, ती मला त्या रात्री आठवली. वर्गासाठी पुस्तकं द्यायला तर वरची मर्यादाच नाही, ती शाळेची होतात. करंड्याच्या आईला मी हे फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली, त्यात फार उत्साह नव्हता.

हे सगळं मी नाशिकच्या मैत्रिणीला सांगितलं. ती अजून शिकवते, त्या आठवड्यात कालिदास कलामंदिरला त्यांच्या शाळेचं गॅदरिंग होतं, मागे लेझीमचा आवाज आणि ही ओरडून बोलतेय. म्हणाली, "अगं, कायदे आपल्याकडे काय कमी आहेत?" बरोबरच आहे. आरटीई २००९ च्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २८ प्रमाणे शिक्षकाने खासगी ट्यूशन घ्यायची नाही, आणि कॉलेज रोडला संध्याकाळी कुठल्या सरांच्या दाराबाहेर किती चपला असतात हे सगळ्यांना माहीत आहे. इथे कायदा पाळतात हे मान्य. पण जनगणना आणि निवडणूक ही कामं कलम २७ ने शिक्षकांवर उघड ठेवलीत, इथल्या एका टीचरला मतदारयादी घेऊन मे महिन्यात पंचवटीत जिने चढायला लावा, मग आपल्या शिक्षकांशी तुलना करा. उलट वर्गासाठी खिशातून केलेल्या खर्चाचे इथे टॅक्समध्ये पैसे वजा होतात, २०२१ पर्यंत २५० डॉलर व्हायचे, २०२२ पासून ३०० व्हायला लागले, पॅरालाही वर्षाला ९०० तास भरले की ते मिळतं. आपल्याकडे स्वतःच्या पैशाने खडू, कार्डशीट, बक्षिसाच्या वह्या आणणाऱ्या बाई मी किती सांगू, त्यांचं कोण वजा करतं?

मैत्रीण म्हणाली, "तुमचं बरंय बाई, थंडीत दीड-दोन आठवडे सुट्टी." त्यावर मी हो म्हटलं. मी तासावर आहे, शाळा बंद तर पगारही बंद, हे फोनवर सांगायचं कशाला. शिवाय दिवाळीत त्यांना मोठी सुट्टी असते आणि आमची शाळा लक्ष्मीपूजनालाही चालू, आजूबाजूच्या काही गावांनी आता दिवाळीची सुट्टी द्यायला सुरुवात केलीय, आमच्याकडे अजून नाही.

तर शेवटच्या दिवशी वर्गाकडून गिफ्ट आली. मुख्य टीचरला १५० चं गिफ्टकार्ड आणि मला २५ चं, डंकिन या कॉफीच्या दुकानाचं. पाकिटावर फक्त 'फ्रॉम द क्लास'. कोणी किती दिले मला माहीत नाही, विचारायचंही नाही. वर्गात मुलं बावीस, दोन्ही कार्डं मिळून १७५, म्हणजे डोक्यावर आठच्या आसपास पडले. एवढं गणित कायद्यात बसतं.